सशाचे घर आणि तापलेला पत्रा

राधानगरीत पाऊस भारी, म्हणून घर असो की गोठा, आपल्या मनात आधी पत्रा येतो. गेल्या वर्षी मुलीने दोन पांढरे ससे आणले तेव्हा मीही तेच केले. फळांच्या खोक्यांच्या फळ्या, चारी बाजूंना जाळी आणि वर नवा पत्रा. सर्वांत जास्त पैसे पत्र्यालाच पडले. एप्रिलमधल्या एका दुपारी कॉलेजातून परतलो तर दोन्ही ससे अंग लांबवून धापा टाकीत होते. त्यांतला एक संध्याकाळी दगावला. वर्गात उष्णतेचे प्रारण शिकवणाऱ्या माणसाच्या परसात हे घडले!

सशाला घाम गाळून अंग थंड करता येत नाही. जादा उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. हवाच ३० अंश सेल्सिअसच्या वर गेली की हा उपाय अपुरा पडू लागतो. कोंबडीलाही घर्मग्रंथी नसतात. तापलेला पत्रा खालच्या बाजूसही प्रारण करतो आणि जाळीतून वारा खेळत असला तरी ते अडत नाही. माझी चूक नेमकी इथे झाली.

स्वस्त सामान म्हणजे हाताला लागेल ते, असे नव्हे. आपल्याकडे जुनी घरे उतरवून स्लॅब घालतात आणि मंगलोरी कौले परसात शेवाळत पडतात. शेजाऱ्यांनी वीस-बावीस कौले फुकट दिली. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. त्यांच्या खाली कळकाच्या कामट्यांच्या तट्ट्यावर भाताच्या पिंजरीचा वीतभर थर दिला. पिंजर उष्णता अडवते ती काड्यांत कोंडलेल्या स्थिर हवेमुळे. लोखंड अशा हवेच्या दोन हजार पटींहून अधिक उष्णतावाहक आहे. पिंजर भिजली मात्र की हवेच्या जागी पाणी येते आणि ते हवेच्या वीसपट तरी वाहक असते. म्हणून कौले वर, पिंजर खाली. तिच्यात उंदीर होतात, हे खरे. ती अधूनमधून बदलावी लागते. कळक ससा कुरतडतो, तेव्हा जाळी आतल्या अंगाने ठोकावी.

पत्रा असेलच तर टाकू नका. मार्चमध्ये त्यावर चुन्याचे दोन हात द्या. पांढरा पृष्ठभाग बराचसा सूर्यप्रकाश परतवतो. पावसात चुना धुऊन जाईल, पण तेव्हा त्याची गरजही नसते.

पावसाळ्यात चारी बाजू पोत्यांनी बंद करण्याचा मोह होतो. तसे करू नये. मूत्रापासून अमोनिया होतो आणि तो श्वासनलिकेला बाधतो. वळचणीखाली वीतभर जागा उघडी हवी.

(रानातला ससा किंवा पोपट घरी आणू नये, हे सांगायला नकोच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे.)

शिक्षकांना एक विनंती. विज्ञान प्रदर्शनात पिंजऱ्याचा रंग पाहून गुण देण्याऐवजी मुलांना प्रयोगशाळेतला थर्मामीटर द्यावा. पाऱ्याचा नको, लाल द्रवाचा द्यावा. फुग्याला काजळी फासून, म्हणजे प्रारणही कळेल, तो दुपारी दोन वाजता प्राण्याच्या उंचीवर टांगावा. आमच्याकडे तो कायमच टांगलेला आहे. राहिलेल्या सशाने त्याची दोरी दोनदा कुरतडली. आता तारेने बांधला आहे.