कार्डावर शेवटचा हात

लोणची-मसाले, घरचे डबे, ब्लाउज शिवणे, शिकवण्या... बारामती-इंदापूरकडे घर सांभाळून असा जोडधंदा करणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. धंद्याचा जरा जम बसला की कार्डं नि पत्रकं छापायची वेळ येते. छापखान्यात प्रश्नांची सरबत्ती सुरू होते : "ताई, ग्लॉसी की मॅट? यूव्ही करायचं? कोपरे गोल?" आपण आपल्या "चांगलं दिसेल ते करा" म्हणून मोकळ्या! मग बिल हाती आलं की डोळे पांढरे होतात. बचत गटाचे पैसे असले तर दहाजणींना हिशेब द्यावा लागतो, तो वेगळाच. म्हणून आधी थोडं समजून घेऊ या.

गुळगुळीत आर्ट पेपर म्हणजे पांढऱ्या मातीचा पातळ लेप दिलेला कागद. गिलाव्यावर चुन्याचा हात देतात ना, तसाच प्रकार. असला कागद करणारी गिरणी आपल्या इंदापूर तालुक्यातच, भिगवणजवळ भादलवाडीला उभी राहिली नि 2001 साली ती बल्लारपूर इंडस्ट्रीजने घेतली. भिगवण म्हटलं की आपल्याला मासे नि उजनीचे रोहित पक्षी तेवढे आठवतात! लेप नसलेला साधा कागद तो मॅपलिथो. कागदाची जाडी जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. वर्तमानपत्रात घालायच्या पत्रकाला 70 ते 90 पुरे. कार्डाला 300 च्या आसपास हवा.

आता लॅमिनेशन. ही प्लॅस्टिकची पातळ फिल्म असते. ग्लॉसी चकाकते, रंग उठून दिसतात, हळद-तेलाचं बोट लागलं तर पुसता येतं. डबेवालीने, मसालेवालीने खुशाल घ्यावी. मॅट दिसायला सोज्वळ. पण गडद रंगावर नखाचे ओरखडे नि बोटांचे डाग लगेच दिसतात, तेव्हा रंग फिका निवडा. दोन्हींवर साधं पेन नीट चालत नाही, शिक्क्याची शाई पुसली जाते. जिला कार्डामागे ब्लाउजची तारीख लिहून द्यायची आहे तिने लॅमिनेशनच्या वाटेला जाऊ नये, जाड साधं कार्डच घ्यावं. एकाच बाजूला फिल्म लावली तर पावसाळ्यात कार्ड पापडासारखं वाकतं, हेही ध्यानात ठेवा.

स्पॉट यूव्ही म्हणजे मॅट कार्डावर नाव किंवा चित्र तेवढंच चकचकीत करणं. सोनेरी फॉइल नि उठावाचं काम यांना वेगळा ठसा करावा लागतो. त्याचे पैसे एकदाच पडतात. म्हणून तो ठसा छापखान्याकडून मागून घ्या, पुढच्या खेपेला उपयोगी पडेल. फॉइल फक्त मोठ्या नावाला! बारीक अक्षरात अनुस्वार, रफार बुजून जातात. क्यूआरवर तर यातलं काहीच नको. तो साध्या काळ्या शाईत, भोवती पांढरी जागा सोडून छापा.

पत्रकाला फिल्म कशाला? वाचून टाकायचा कागद तो. घडीचं पत्रक जाड आर्ट पेपरवर असेल तर घडीच्या जागी आधी क्रीझिंग करून मागा. नाही तर रंग फुटून पांढरी रेघ उमटते, नेमकी भावाच्या तक्त्यावर! धंद्याच्या उद्घाटनाची आमंत्रणं काढणार असाल तर तीही लॅमिनेशनशिवाय. फिल्मवर हळदीकुंकवाचं बोट टेकत नाही, ओघळतं.

आणि एक विचारते, रागावू नका हं. मसाला तुम्ही कुटता, मग कार्डावर मोठ्या अक्षरात यजमानांचं नाव का? यांचा फोन नंबर खाली असू दे की. पुण्याच्या भीमथडी जत्रेत बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने बायकांच्या गटांना बाजार मिळवून दिला, तिथे गिऱ्हाईक बोलतं ते गाळ्यावरच्या बाईशीच. उद्या त्याने कार्ड काढून फोन केला तर त्याला तुमचंच नाव सापडायला हवं.

पैसे कमी असतील तर हजार कार्डांचा मोह नको. डिजिटल छपाईत शंभरही निघतात. नगामागे दर जास्त पडतो, पण नंबर बदलला तर नऊशे कार्डं माळ्यावर पडत नाहीत. प्रूफ मात्र कागदावरच मागा. घरी आणा, फोन नंबर मुलाला मोठ्याने वाचायला लावा नि तो लावून पाहा.