मॉड्युलर म्हणे!

"लिनक्स मॉड्युलर आहे हो!" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. का मॉड्युलर? तर ड्रायव्हर हवा तेव्हा कर्नलमध्ये चढवता येतो आणि नको तेव्हा उतरवता येतो. बरं, मग? चढवलेलं मॉड्यूल कर्नलच्याच मेमरीत, कर्नलच्याच अधिकारांनी चालतं. त्यातला एक चुकीचा पॉइंटर अख्खं मशीन झोपवू शकतो. मध्ये साडी बांधली म्हणून एका खोलीच्या दोन खोल्या होत नाहीत, मंडळी. आग लागली की कळतं, भिंत नव्हतीच!

हे दुखणं एकट्या लिनक्सचं नाही. १९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स आडवी झाली. आपल्याकडे काही विमानतळांवर चक्क हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. कारण काय, तर कर्नलमध्ये बसलेल्या एका ड्रायव्हरने नको तिथली मेमरी वाचली. फाइल वेगळी, कंपनी वेगळी... म्हणजे 'मॉड्यूल'च की!

हा वाद जुनाच आहे. मोनोलिथिक कर्नल म्हणजे मागे जाणं, असं टॅननबॉम यांनी जानेवारी १९९२ मध्येच टॉरवाल्ड्सना सुनावलं होतं. त्यावरचं ठरलेलं उत्तर म्हणजे "मायक्रोकर्नल स्लो असतो." सुरुवातीचे होतेच, मान्य. पण लीट्के यांच्या एल४ ने १९९० च्या दशकातच कर्नलमधली निरोपांची देवाणघेवाण कितीतरी पटींनी वेगवान करून दाखवली. त्यासाठी मोजावी लागणारी किंमत शून्यावर आली नाही, पण सबब मात्र आपण अजून तीच चघळतोय.

बरं, भिंत बांधता येत नाही असंही नाही. २००५ च्या मिनिक्स ३ मध्ये ड्रायव्हर साध्या प्रोसेससारखा चालतो, आणि तो मेला तर यंत्रणा त्याला पुन्हा उभा करते. विंडोज व्हिस्टाने डिस्प्ले ड्रायव्हरचा मोठा भाग कर्नलबाहेर काढला. अ‍ॅपलनेही २०१९ मध्ये सिक्युरिटी सॉफ्टवेअरला कर्नलबाहेरून काम करायची सोय दिली. म्हणजे जमतं. फक्त करायची इच्छा लागते.

तुम्ही कर्नल लिहीत नसाल, तरी सुटका नाही. आपण सगळेच पांढऱ्या फळ्यावर चौकोन काढतो, मध्ये बाण मारतो आणि 'मॉड्युलर आर्किटेक्चर' म्हणून मोकळे होतो. पुढच्या डिझाइन रिव्ह्यूत चौकोन मोजत बसू नका. त्यातला एक मारून बघा. बाकीचे जगले, तरच त्याला मॉड्यूल म्हणा.