विश्लेषण : जुनी डिझेल जीप भंगारात घालायची की घरी दुरुस्त करायची?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई तयार करणाऱ्या भट्ट्या आहेत. ठिकठिकाणचे मोडके लोखंड तिथे येते. त्याच जिल्ह्यात भोकरदन, अंबड, घनसावंगीकडच्या शेतवस्त्यांवर गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली महिंद्राची एखादी जुनी फोर बाय फोर डिझेल जीप उभी असते. वडिलांनी घेतलेली, मोसंबीच्या बागेत आणि पावसाळ्यातल्या काळ्या चिखलात राबलेली, आता चार-सहा वर्षे न हललेली. नोंदणीचे शुल्क वाढले आणि ‘जुने डिझेल बंद होणार’ अशी चर्चा गावोगाव पोहोचली, तेव्हापासून अशा जीपवर भंगारवाल्याची नजर आहे. ती देऊन टाकावी, की उघडून पुन्हा उभी करावी?

पंधरा वर्षांनंतर जीप बेकायदा ठरते का?

नाही. दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांबाबतचे आदेश दिल्ली आणि तिच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरते आहेत. महाराष्ट्राला ते लागू नाहीत. मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती दर वेळी पाच वर्षांनी वाढवता येते. याची माहिती नसल्यामुळे चालू स्थितीतली जीप लोखंडाच्या वजनावर विकली जाते, हे खरे नुकसान आहे.

शुल्क मात्र चांगलेच वाढले आहे. खासगी चारचाकीच्या फेरनोंदणीला पूर्वी ६०० रुपये लागत. १ एप्रिल २०२२ पासून ते ५ हजार झाले. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील हलक्या चारचाकीसाठी ते १० हजारांवर नेले. शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटून गेली असेल, तर उशिराच्या प्रत्येक महिन्याला ५०० रुपये जादा शुल्काची तरतूद नियमात आहे. म्हणजे ताडपत्रीखाली नुसती उभी असलेली जीपही पैसे खात असते.

सरकारी जीपचा रस्ता तर बंदच झाला. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून वाढवली जात नाही. एकेकाळी सरकारी कार्यालयांच्या लिलावातून शेतकऱ्यांना मिळणाऱ्या जीप आता थेट नोंदणीकृत मोडतोड केंद्रांकडे जातात. गाडीचे वय मोजणे सोपे असते, तब्येत मोजणे अवघड. धोरणाने सोपा मार्ग निवडला आहे. नीट राखलेली आणि धूर ओकणारी, अशा दोन्ही गाड्यांना एकच शुल्क लावण्यात न्याय दिसत नाही.

पाना हातात घेण्याआधी कागद का?

कारण इंजिन दुरुस्त होते, हरवलेली नोंदणी सहज सापडत नाही. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधीच्या गाड्यांची नोंद तेव्हाच्या औरंगाबादेत असू शकते. जुन्या पुस्तकातली नोंद ‘वाहन’ पोर्टलवर चढलेली आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर मूळ कागद घेऊन परिवहन कार्यालयात ती करून घ्यावी लागते.

दुसरा अडथळा बँकेच्या बोज्याचा. मराठवाड्यात अनेकांचे कर्ज स्टेट बँक ऑफ हैदराबादचे होते. ती बँक १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. कर्ज फिटून पंचवीस वर्षे झाली, तरी नोंदणीवर बोजा तसाच असेल, तर ‘बाकी नाही’ हे पत्र आता स्टेट बँकेकडून आणावे लागते. मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी नमुना ३१ लागतो, आणि फेरनोंदणीसाठी नमुना २५. चेसिस नंबरची छाप घेतली जाते. त्यामुळे गंज खरवडताना तो नंबर घासला जाणार नाही, याची ताकीद पहिल्याच दिवशी मिस्त्रीला द्यावी.

इंजिन बदलण्याचा मोह अनेकांना होतो. कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही गोष्ट पुन्हा स्पष्ट केली. रुंद टायर आणि भलत्याच गाडीचे इंजिन असलेली जीप लग्नाच्या वरातीत शोभते, तपासणीच्या रांगेत नाही. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या मूळ स्वरूपातील गाड्यांना २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ नोंदणी दिली आहे. पण ती प्रदर्शन आणि रॅलीसाठी. शेतावर रोज जाण्यासाठी तिचा उपयोग नाही.

ही जीप घरी उघडता येते, ते कशामुळे?

तिच्यात संगणक नाही म्हणून. १९८० च्या दशकातल्या एमएम ५४० मध्ये प्यूजो घराण्याचे २११२ सीसीचे एक्सडीपी इंजिन असे. नंतरच्या अनेक गाड्यांत २५२३ सीसीचे एमडीआय आले. महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून बी-२७५ ट्रॅक्टर आणला, त्याच्या इंजिनाशी एमडीआयचे जवळचे नाते आहे. त्यामुळे ट्रॅक्टरचा मिस्त्री या इंजिनाला बिचकत नाही. डिझेल दाबाने आत जाते, हवेच्या उष्णतेने पेटते. एकदा सुरू झाले की विजेची फारशी गरज उरत नाही.

तरीही सगळे घरी होत नाही. डिझेल पंप आणि नोझल कॅलिब्रेशनच्या बाकावरच तपासले पाहिजेत. क्रँक, ब्लॉकचे बोअरिंग लेथवाल्याकडे, रेडिएटर रेडिएटरवाल्याकडे. घरी करायचे ते उघडणे, धुणे, मोजणे, सील-बेअरिंग बदलणे आणि जोडणे. प्रत्येक नट-बोल्ट डब्यात, डब्यावर खूण आणि मोबाइलवर फोटो. हे कंटाळवाणे काम टाळले की जोडताना दोन बोल्ट उरतात, आणि ते कुठले हे कोणालाच सांगता येत नाही.

सुरुवात कुठून करावी?

बहुतेक लोक रंगापासून करतात. नेमकी तिथेच चूक होते. रंगावर पैसे संपतात आणि जीप ब्रेकविना चमकत राहते.

आधी चेसिस. काळी माती पाटे, हँगर आणि चेसिसच्या पोकळीत अडकते, ओल धरते आणि आतून लोखंड खाते. हातोडीने टकटक करून पाहावे. खणखणीत आवाज आला तर ठीक. बदबद आवाज आला किंवा टोकदार पाना आत शिरला, तर तिथला पत्रा कापूनच काढावा लागेल. पाट्याच्या हँगरजवळ किंवा स्टीअरिंग बॉक्सखाली चेसिस गेलेली असेल, तर वरवर पट्टी वेल्ड करून भागत नाही.

मग ब्रेक आणि स्टीअरिंग. या जुन्या जीपना चारही चाकांना ड्रम असतात. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात. सगळे रबर बदलावे, गंजलेले सिलिंडर आणि नळ्या टाकून द्याव्यात. ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. म्हणून ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने कधीही उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. स्टीअरिंगचा खेळ टाय-रॉडचे टोक, किंगपिनचे बेअरिंग आणि बॉक्स, या तिन्ही ठिकाणी वेगवेगळा तपासावा.

गाडीखाली जाताना एक गोष्ट कधीच करू नये : नुसत्या जॅकवर विश्वास ठेवणे. दोन्ही बाजूंना भक्कम घोड्या, खाली कडक जमीन आणि जमिनीवरच्या चाकांना पुढे-मागे दगड. शेतातल्या भुसभुशीत मातीत जॅक एका बाजूला कलतो, हे ट्रॅक्टरवाल्यांना सांगावे लागत नाही.

इंजिन त्यानंतर. वर्षानुवर्षे उभी जीप धक्का मारून सुरू करण्याचा उत्साह महागात पडतो. टाकीतले जुने डिझेल आणि तळाचे पाणी काढून टाकावे, टाकी धुवावी, फिल्टर बदलावा. इंजिन ऑइल नवे भरावे आणि क्रँक हाताने फिरवून बघावा. मग हँड पंपाने लाइनमधली हवा काढावी. नोझलमधून उडणारी फवारणी हाताने अडवू नये. तो दाब कातडी भेदून डिझेल आत घुसवतो, आणि बारीक टोचल्यासारखी दिसणारी ती जखम हात गमावण्यापर्यंत जाऊ शकते.

मराठवाड्यात खरा शत्रू मात्र पाणी. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने रेडिएटरच्या नळ्या बुजतात, आणि एप्रिल-मेच्या उन्हात चढावर काटा लाल पट्टीत जातो. तसेच रेटले की हेड गॅस्केट जाते, कधी हेडच वाकते. शुद्ध पाणी आणि कूलंट वापरावे, थर्मोस्टॅट काढून टाकू नये. ‘गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढला’ हा उपाय गावोगाव चालतो, पण बुजलेला रेडिएटर त्याने साफ होत नाही.

धुराचे काय?

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर क्लीनर आणि नोझल पाहावे. सुरू झाल्यावरही टिकून राहणारा पांढरा धूर टायमिंग किंवा कॉम्प्रेशनकडे बोट दाखवतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड गेले आहेत. बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाड्यांना पीयूसी चाचणीत धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट आहे. चांगले इंजिन यात बसते. तरीही नव्या गाडीइतके ते स्वच्छ कधीच होणार नाही, हे जीपप्रेमींनीही मान्य करायला हवे. बाग आणि वस्तीपुरत्या फेऱ्यांसाठी अशी जीप ठेवणे समजू शकते. जालना शहरात मुलांना शाळेत सोडण्यासाठी ती रोज काढणे समर्थनीय नाही. काढलेले जुने ऑइलही बांधावर किंवा विहिरीकाठी ओतू नये. ते डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांपर्यंत पोहोचेल असे पाहावे.

फोर बाय फोर कधी लावायचे?

चिखल, वाळू, ओला चढ. डांबरावर नाही. या जीपमध्ये पुढच्या-मागच्या अॅक्सलमध्ये फरक सामावून घेणारी यंत्रणा नसते. कोरड्या रस्त्यावर वळताना सगळा ताण क्रॉस, ट्रान्स्फर केस आणि क्राउन-पिनियनवर येतो. मात्र वापरच केला नाही तर लिव्हर आणि पुढचे सील आखडतात, म्हणून महिन्यातून एकदा शेतातल्या मऊ मातीत थोडे अंतर चालवावे. आणखी एक : काळीपिवळी म्हणून धावलेल्या बऱ्याच कमांडर फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या आहेत. जुनी जीप विकत घेताना दुसरा लिव्हर आणि पुढचा शाफ्ट डोळ्यांनी पाहावा.

भंगारच योग्य, असे कधी म्हणायचे?

चेसिस मुख्य जोडांवर कुजली असेल, चेसिस नंबर वाचता येत नसेल किंवा कागदांचा माग लागत नसेल, तेव्हा. त्या वेळीही जीप ओळखीच्या भंगारवाल्याला देऊन मोकळे होऊ नये. नोंदणी रद्द झाली नाही, तर तुकडे कुठेही गेले तरी तो नंबर कागदोपत्री मालकाच्याच नावावर राहतो, आणि दुसऱ्या गाडीवर लावून कोणी वापरला तर पोलिसांची पहिली चौकशी त्याच्याच दारात येते. नोंदणीकृत मोडतोड केंद्रात जीप दिल्यावर जमा प्रमाणपत्र मिळते. नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे, आणि ती मागताना हेच प्रमाणपत्र दाखवावे लागते.