पिंजरा आणि तारू

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की धर्मग्रामातील पालक आम्हांस एक प्रश्न हमखास विचारतात. मुंबईला राणीची बाग आहे, पुण्याला कात्रज आहे. मग नाशिकसारख्या शहराला स्वतःचे मोठे प्राणिसंग्रहालय का असू नये? धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना सहलीला नेण्यास एखादी चांगली जागा नको का? पुढे हिवाळा येतो, ऊसतोड सुरू होते आणि त्याच मुखांतून दुसरी मागणी ऐकू येते : वनखात्याने पिंजरा लावावा, बिबट्या पकडावा आणि पुन्हा इकडे फिरकणार नाही अशा ठिकाणी नेऊन ठेवावा. उन्हाळ्यात प्राणी जवळ आणा, हिवाळ्यात प्राणी दूर न्या! या मागण्या वरकरणी परस्परविरुद्ध दिसल्या, तरी दोहोंचा शेवट लोखंडी गजांपाशीच होतो. म्हणून दोहोंचा विचार एकत्र करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमचे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो. पिंजरा म्हणजे प्रत्येक वेळी पापच, असे आम्ही मानीत नाही. जखमी झालेल्या किंवा नामशेष होऊ घातलेल्या जिवासाठी तो रुग्णालय होऊ शकतो. परंतु रुग्णालयात कोणी सहल नेत नाही आणि धडधाकट माणसाला तेथे जन्मभर कोंडून ठेवीत नाही. एवढी एक कसोटी लावली, तर कोणता पिंजरा समर्थनीय आणि कोणता नाही, हे बरेचसे स्पष्ट होते.

प्रथम बिबट्याविषयी बोलू, कारण तो आपल्या दाराशी आहे. जानेवारी २०१९ मध्ये गंगापूर रस्त्यावरील सावरकरनगरात बिबट्या शिरला, तेव्हा त्याला पाहण्यासाठी केवढी गर्दी लोटली होती हे नाशिककर विसरलेले नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये शहरातील भरवस्तीत पुन्हा तसाच प्रसंग घडला आणि अनेकजण जखमी झाले. त्याच सुमारास शेजारच्या पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात काही दिवसांच्या अंतराने तिघांचे बळी गेले. त्यांत दोन लेकरे होती. ज्या घरातील पाळणा असा रिकामा झाला, त्या घरासमोर उभे राहून वन्यजीवांचे गोडवे गाण्याचे धाडस आम्ही करणार नाही. शहरात चौथ्या मजल्यावर राहून 'बिबट्याला मोकळे सोडा' म्हणणे सोपे असते. पहाटेच्या अंधारात बांधावर जावे लागणाऱ्या माउलीला आणि रात्री दोन वाजता पिकाला पाणी देण्यास निघालेल्या शेतकऱ्याला ते म्हणता येत नाही. माणूस परमेश्वराच्या प्रतिमेचा आहे. त्याच्या लेकराचे प्राण आधी, याविषयी ख्रिस्ती मनात संदेह असू नये.

पण खरी निवड लेकरू की बिबट्या अशी आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. ऊस वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ शेतात उभा राहतो. दाट, गार, पाण्याजवळचा तो आडोसा मादीला पिल्ले घालण्यास जंगलाइतकाच सोयीचा असतो. वस्तीवरची भटकी कुत्री, डुकरे, उघड्यावर बांधलेल्या शेळ्या, कुक्कुटपालनाच्या शेडमागे फेकलेल्या मेलेल्या कोंबड्या, एवढे अन्न त्याला आपणच वाढून ठेवतो. गोदावरी, दारणा, कादवा आणि प्रवरा यांच्या पाण्यावर हा सारा पट्टा हिरवा झाला. आपल्या धर्मप्रांतातील कित्येक धर्मग्राम याच पट्ट्यात आहेत. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आपण ज्या वाटांनी जातो, त्या वाटांच्या दुतर्फा उसाचे फड उभे असत. उसाने आपणांस भाकरी दिली. त्याच उसाने बिबट्याला घर दिले. म्हणून 'बिबट्या आमच्या शेतात घुसला' हे वाक्य अर्धेच खरे आहे. अनेक बिबट्यांचा जन्मच त्या शेतातला असतो.

आता पिंजऱ्याने काय साधते ते पाहू. लावलेल्या पिंजऱ्यात जो बिबट्या सापडतो, तोच अपराधी असतो असे नाही. भुकेला असेल तो सापडतो. त्याला उचलून नेले, की मोकळी झालेली जागा दुसरा, बहुधा तरुण आणि अननुभवी बिबट्या घेतो. जुन्नर परिसरात एके काळी शंभराच्या आसपास बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास करून २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले : या स्थलांतरानंतर माणसांवरील हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक वयस्क बिबट्या वाचवून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आला. वस्त्या, महामार्ग आणि लोहमार्ग ओलांडीत, माणसाला टाळीत, सुमारे १२० किलोमीटर चालून तो थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. अभ्यासकांनी त्याला 'आजोबा' हे नाव दिले होते. २०११ साली एका वाहनाच्या धडकेने तो मेला. आपण त्याला धोका समजत होतो. त्याच्यासाठी धोका कोण होते, हे त्याच्या मरणाने सांगितले.

सोडता येत नाही म्हटल्यावर उरते ती जन्मठेप. जुन्नरजवळ माणिकडोह येथे २००२ साली बिबट्यांसाठी निवारा केंद्र सुरू झाले. तेथील सेवाभावाविषयी आमच्या मनात आदरच आहे. लंगडे, आंधळे, दात गेलेले प्राणी तेथे सांभाळले जातात. ते खरे रुग्णालय आहे. परंतु समाजाचा क्षोभ शमविण्यासाठी पकडलेले धडधाकट प्राणीही तेथे खितपत पडू लागले, की रुग्णालयाचा तुरुंग होतो. तो भरला म्हणून २०२५ च्या अखेरीस राज्यातील बिबटे गुजरातेत जामनगरच्या 'वनतारा' केंद्रात पाठविण्याच्या घोषणा झाल्या. तेही भरले, तर पुढे कोठे? ज्या शेतातून एक बिबट्या नेला, तेथे दुसरा येण्यास जामनगरच्या भिंती कितीही उंच असून उपयोग नाही.

हे झाले हिवाळ्यातील मागणीविषयी. आता उन्हाळ्यातील मागणीकडे वळू. प्राणिसंग्रहालयाने मुलांना प्राण्यांविषयी प्रेम वाटू लागते, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्यांश आहे, हे आम्ही नाकारीत नाही. राणीच्या बागेत हत्ती पाहून हरखून गेलेले बालपण आपल्यापैकी अनेकांच्या वाट्याला आले आहे. १८६२ साली लोकांसाठी खुली झालेली ती बाग कित्येक पिढ्यांच्या आठवणींत आहे आणि तेथील वृक्षराजी तर मुंबईचे वैभव आहे. परंतु मूल तेथे नेमके काय शिकते? जुलै २०१६ मध्ये तेथे दक्षिण कोरियातील सोल येथून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. पेरू आणि चिली यांच्या थंड सागरकिनाऱ्यावरचा हा पक्षी भायखळ्यात जगवायचा, तर काचेमागे अहोरात्र यंत्राने गारवा निर्माण करावा लागतो. त्यांतील एक पक्षी त्याच वर्षी ऑक्टोबरात दगावला. पेंग्विन पाहिलेल्या मुलाला समुद्र दिसला नाही, माशांचा थवा दिसला नाही. माणसाला हवे ते, हवे तेथे आणून ठेवता येते, एवढाच धडा मिळाला. वाघ पिंजऱ्यात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालतो, तेव्हा मुले टाळ्या वाजवितात. ती येरझार म्हणजे कोंडलेल्या प्राण्याच्या मनाचे दुखणे असते, हे त्यांना कोणी सांगत नाही.

आपल्या देशाच्या कायद्यालाही हे उमगले आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाली, १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि १९९८ च्या राष्ट्रीय धोरणाने वन्यजीवांचे संवर्धन हेच अशा संस्थांचे मुख्य प्रयोजन ठरविले. मग आपल्या मागणीत ते प्रयोजन कोठे आहे? आम्ही तर तिकीट, आइस्क्रीम आणि छायाचित्रे एवढेच ऐकतो.

या बाबतीत इतरांकडे बोट दाखविण्यापूर्वी आपण आपल्याच घरात डोकावले पाहिजे. पोर्तुगालचा राजा मॅन्युएल याने १५१४ साली पोप दहावे लिओ यांना हॅनो नावाचा एक पांढरा हत्ती भेट दिला. हा हत्ती आपल्याच हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून नेलेला. रोमच्या रस्त्यांवर त्याची मिरवणूक निघाली, कवींनी त्याच्यावर काव्ये रचली. दोनच वर्षांत तो आजारी पडला आणि सोने मिसळलेले रेचक देऊन केलेल्या उपचारांनंतर मेला. त्यामागोमाग गुजरातच्या सुलतानाकडून गोव्यात आलेला एक गेंडा लिस्बनला गेला आणि तेथून पोपमहोदयांना भेट म्हणून रवाना झाला. १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले. गेंड्याला पोहता येते. पण हा गेंडा साखळदंडाने बांधलेला होता, म्हणून बुडाला. देवाच्या निर्मितीचे कौतुक करीत करीतच तिचा जीव कसा घेता येतो, याचे याहून ठळक उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

यावर कोणी विचारील : नोहाचे तारू हे तरी प्राणिसंग्रहालयच नव्हते काय? प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर उत्पत्तीच्या पुस्तकातच आहे. तारवात प्राणी कोंडले गेले ते प्रलयातून वाचण्यासाठी. नोहाने त्यांचे प्रदर्शन मांडले नाही. तो स्वतःही सहकुटुंब त्यांच्याबरोबर आत कोंडला गेला. आणि पाणी ओसरल्यावर परमेश्वराने त्याला पहिली आज्ञा केली ती सर्व जीवांना बाहेर काढण्याची. पुढे मेघधनुष्याच्या साक्षीने जो करार झाला, तो केवळ नोहाशी झाला नाही. तारवातून बाहेर पडलेल्या प्रत्येक प्राण्याशीही झाला. तारवाला दार होते आणि ते उघडण्यासाठीच होते. ज्या पिंजऱ्याचे दार कधीतरी उघडावे अशी पिंजरा बांधणाऱ्याची मनापासून इच्छा असते, तो पिंजरा तारवाच्या जातीचा.

अशी तारवे आज आहेत. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. हा परिसर २०१७ साली राखीव संवर्धन क्षेत्र म्हणून घोषित झाला. इगतपुरी तालुक्यातील टाकेद येथे जटायू पडला, अशी आपल्या हिंदू बांधवांची श्रद्धा आहे. या जटायूच्या वंशावर आपल्या काळात मोठेच संकट कोसळले. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि देशातील गिधाडांच्या काही जाती शंभरातून दोन-चार इतक्याच उरल्या. २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी आली. तत्पूर्वीच, २००१ पासून, हरियाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि तेथील वनखाते यांनी गिधाडे सांभाळण्यास प्रारंभ केला होता. पुढे तेथे त्यांची पैदास झाली. २०२४ साली तेथील काही पक्षी आपल्या ताडोबा आणि पेंच येथे आणून मुक्त करण्यात आले. सोडलेले सर्वच जगत नाहीत. तरीही दार उघडले गेले. तीच गोष्ट बिबट्याच्या पिल्लांची. ऊसतोडणीत सापडलेली पिल्ले पूर्वी सरळ पिंजऱ्यात जात. अलीकडे आपल्या भागात ती सायंकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात आणि रात्री आई येऊन त्यांना तोंडात धरून नेते. पिल्ले गमावलेली मादी अधिक चवताळते, हे ओळखून केलेली ही कृती दयेची आहे आणि शहाणपणाचीही.

आणखी एक आक्षेप आम्ही ऐकतो : माणसे उपाशी असताना जनावरांची चिंता कशाला? कॅथलिक धर्मशिक्षण प्राण्यांना निष्कारण यातना देण्यास मनाई करते, तसेच माणसाच्या हालअपेष्टा निवारण्यास हवा असलेला पैसा प्राण्यांवर उधळणेही अनुचित मानते. आम्हांस ही शिकवण पूर्ण मान्य आहे. तिच्याच आधारे आम्ही म्हणतो, की नाशिकमध्ये करमणुकीचे प्राणिसंग्रहालय बांधण्यासाठी लागणारा पैसा आधी ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर खर्च व्हावा. पाचटाच्या त्या कोपीला दार नसते, दिवा नसतो, शौचालय नसते. आणि बिबट्याच्या वाटेवर पहिले झोपलेले असते ते तिच्यातील लेकरू. त्या लेकराला भिंत आणि उजेड मिळाला, तर पिंजऱ्याची गरजच निम्म्याने कमी होईल. शेतीला वीज दिवसा मिळावी, म्हणजे शेतकऱ्याला रात्री फडात जावे लागणार नाही. शेळ्यांना बंदिस्त गोठा असावा. मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकू नयेत. बिबट्या दिसला, तर गर्दी करून त्याला भेदरवू नये. या मागण्या आपण ग्रामसभेत आणि कारखान्याच्या दारी किती वेळा केल्या? 'पिंजरा लावा' म्हणणे सोपे, कारण त्यात आपणांस काहीच करावे लागत नाही.

असिसीच्या संत फ्रान्सिसची आणि गुब्बिओच्या लांडग्याची कथा आपण मुलांना सांगतो, पण तिचा उत्तरार्ध गाळतो. फ्रान्सिसने लांडग्याला साखळी घातली नाही. त्याने लांडग्याकडून वचन घेतले आणि नगरवासीयांकडूनही घेतले : त्यांनी त्याच्या अन्नाची तजवीज करावयाची. करार दुहेरी होता. बिबट्याकडून वचन घेण्याइतके संतत्व आमच्यापाशी नाही. परंतु नगरवासीयांचा वाटा उचलण्यास संतत्व लागत नाही.

राहिला प्रश्न मुलांच्या सहलीचा. निफाड तालुक्यात नांदूर-मधमेश्वर आहे. २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून त्याची नोंद झाली. थंडीत तेथे दूरदेशीचे पक्षी येतात आणि उन्हाळा लागताच परत जातात. मुलांना तेथे न्या. कदाचित तासभर वाट पाहूनही फारसे काही दिसणार नाही. वाट पाहावी लागते, आपल्या इच्छेसरशी सृष्टी हजर होत नाही, हाही धर्मशिक्षणाचाच पाठ आहे.

यशया संदेष्ट्याला दिसलेल्या राज्यात बिबट्या करडाशेजारी बसतो आणि मध्ये गज नसतात. ते राज्य अद्याप आलेले नाही. तोवर करडाला गोठा हवा, लेकराला दार आणि दिवा हवा, जखमी बिबट्याला निवारा हवा. नाशिकला प्राणिसंग्रहालय मात्र नको.