यंत्र चालू झाले म्हणजे काम झाले का?

विद्यार्थी मित्रहो, बँकेत पैसे भरले की पासबुकात एक ओळ छापून मिळते. पण त्या ओळीचे मूळ कोठे असते? मोठ्या संस्थांमध्ये अशी माहिती डिस्कांनी भरलेल्या कपाटांत साठवलेली असते. ही कपाटे आणि संगणक यांना जोडणाऱ्या वेगळ्या जाळ्याला ‘स्टोरेज नेटवर्क’ म्हणतात. या जाळ्याच्या चौकात पोलिसासारखा उभा असतो तो स्विच.

कोणत्या संगणकाने कोणत्या डिस्कशी बोलायचे, हे स्विचमध्ये ठरवून ठेवता येते. ‘फायबर चॅनेल’ पद्धतीत प्रत्येक उपकरणाला ६४ बिटांचे एक नाव असते. या नावांचे गट पाडतात, त्यांना ‘झोन’ म्हणतात. पगाराचा संगणक आणि ग्रंथालयाचा संगणक एकाच स्विचला जोडलेले असले, तरी झोन वेगळे असल्यामुळे एकाला दुसऱ्याच्या डिस्का दिसत नाहीत.

आता विचार करा. हे झोन आखण्यासाठी स्विचला व्यवस्थापनाचे एक वेगळे दार असते. त्या दारातून नको तो माणूस आत शिरला तर? तो झोनच नव्याने आखील! मग कपाट कितीही भक्कम असून काय उपयोग?

हे दार उघडण्याच्या रीती अनेक आहेत. ‘टेलनेट’ ही १९६९ सालापासूनची जुनी रीत. तिच्यात परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, पोस्टकार्डावरील मजकुरासारखा उघडा जातो. वाटेत कोणीही वाचावा. फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर असेच परवलीचे शब्द चोरले गेले, तेव्हा १९९५ साली ताटू युलोनेन यांनी ‘एसएसएच’ ही रीत तयार केली. तिच्यात सारे संभाषण सांकेतिक रूपात जाते. स्विचची प्रकृती दुरून विचारणाऱ्या ‘एसएनएमपी’ या सेवेचेही तसेच. तिच्या जुन्या आवृत्त्यांत ‘पब्लिक’ हाच परवलीचा शब्द अनेक उपकरणांत कारखान्यातूनच भरलेला असे. तिसऱ्या आवृत्तीत ओळख पटवण्याची आणि सांकेतिक लेखनाची सोय आली.

कारखान्यातला शब्द न बदलल्याने काय होते, ते २०१६ साली जगाने पाहिले. ‘मिराई’ नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने असे साठेक ठरावीक शब्द वापरून लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. ती उपकरणे स्विचपेक्षा साधी होती; पण चूक तीच!

कोणी म्हणेल, एवढी दारे बंद केली तर अडचणीच्या वेळी आपणच बाहेर राहू. शंका रास्त आहे. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी एसएसएच सुरू करावे, त्यातून प्रवेश मिळतो याची खात्री करावी, आणि मगच टेलनेट बंद करावे. शिवाय यंत्राजवळ जाऊन थेट तार जोडण्याचे ‘कन्सोल’चे दार असतेच, फक्त त्या खोलीला कुलूप हवे. प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार द्यावा. घड्याळ बरोबर लावावे आणि नोंदी दुसऱ्या संगणकावरही पाठवाव्यात. नोंदींवरची वेळच चुकीची असेल, तर कोण केव्हा आले हे कसे कळणार?

यात अवघड गणित काहीच नाही. अवघड आहे ती सवय. आपल्या प्रात्यक्षिकात दिवा लागला की पूर्ण गुण मिळतात. मला वाटते, येथेच आपले चुकते. शिक्षकांना माझी विनंती आहे, की संगणकाच्या प्रात्यक्षिकात निम्मे गुण एका प्रश्नाला ठेवावेत: “न लागणारे काय काय बंद केलेस, आणि का?”

आणि मित्रहो, तुमच्या शाळेतही एखादा राउटर असेल. त्याचा कारखान्यातला परवलीचा शब्द बदलला आहे का, एवढे तुमच्या शिक्षकांना उद्या नक्की विचारा. शब्द मात्र विचारू नका!