श्रद्धा, तारण आणि आरोग्यदान : ब्राझीलच्या जनगणनेतून घ्यावयाचा बोध

जगात सर्वाधिक कॅथॉलिक ज्या देशात राहतात, त्या ब्राझीलच्या २०२२ च्या जनगणनेतील धर्मविषयक आकडेवारी २०२५ च्या जून महिन्यात प्रसिद्ध झाली. १९४० साली तेथे शंभरातील ९५ माणसे कॅथॉलिक होती. आता हे प्रमाण ५६.७ टक्क्यांवर आले आहे. याच काळात इव्हँजेलिकल ख्रिस्ती बांधवांचे प्रमाण २.६ टक्क्यांवरून २६.९ टक्क्यांपर्यंत वाढले. 'आमिषाला भुलून माणसे गेली' असे म्हणून हा विषय मिटवता येणार नाही. ती माणसे नेमके काय शोधत होती, याचा विचार करावयास हवा.

'असेंब्लीज ऑफ गॉड' या पंथाची मुहूर्तमेढ १९११ साली बेलें शहरात दोन स्वीडिश मिशनऱ्यांनी रोवली. पुढे खेड्यापाड्यांतील लाखो कुटुंबे पोट भरण्यासाठी शहरांच्या कडेला येऊन वसली. आपल्या धर्मग्रामांचा विस्तार अफाट आणि धर्मगुरू मोजकेच. त्यामुळे अनेकांना महिनोन्महिने पवित्र मिस्सा मिळत नसे. वस्तीतल्या लहानशा प्रार्थनागृहात मात्र त्याच वस्तीतला पास्टर रोज भेटत असे. तो नावाने हाक मारी, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करी. दुराव्याचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे.

या पंथांची शिकवण सरसकट एका मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. बायबल हाच श्रद्धेचा अंतिम आधार, वैयक्तिक परिवर्तनातून नवा जन्म आणि केवळ श्रद्धेद्वारे तारण, ही इव्हँजेलिकल विचाराची मुख्य सूत्रे होत. पेन्टेकॉस्टल बांधव त्यांत पवित्र आत्म्याच्या दानांवर, विशेषतः आरोग्यदानावर भर देतात. आपल्या महाराष्ट्रातही १९०५ साली केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये अशा जागृतीचा अनुभव आला होता.

तारणाविषयी आपले मतभेद पूर्वी वाटत होते तेवढे टोकाचे राहिलेले नाहीत. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथॉलिक ख्रिस्तसभा आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. मनुष्य स्वतःच्या पुण्याईने नव्हे, तर देवाच्या कृपेने नीतिमान ठरतो आणि सत्कृत्ये हे त्या कृपेचे फळ आहे, हे उभयपक्षी मान्य झाले. तरीही एक भेद उरतोच. आपल्या दृष्टीने तारण ही एका क्षणी पक्की होऊन संपणारी घटना नाही. ती साक्रामेंतांच्या व ख्रिस्तसभेच्या सोबतीने आयुष्यभर चालावयाची वाट आहे.

खरा धोका निराळ्या ठिकाणी आहे. 'श्रद्धा पुरेशी असेल तर आजार जाणारच आणि संपत्ती येणारच' अशी शिकवण काही मंडळी देतात. इव्हँजेलिकल नेत्यांनीही २०१० च्या केपटाऊन येथील लुझान परिषदेच्या निवेदनात तिच्यापासून सावध केले आहे. या शिकवणीचा सर्वांत मोठा घाव बसतो तो बऱ्या न झालेल्या रुग्णावर. आधीच व्याधीने खंगलेल्या माणसाला 'तुझीच श्रद्धा उणी' असे ऐकावे लागते. श्रद्धा सिद्ध करण्यासाठी कोणी मधुमेहाची वा क्षयाची औषधे बंद केली, तर त्यात प्राणही जाऊ शकतो.

पवित्र शास्त्र असे शिकवत नाही. संत पौलाने तीनदा विनवूनही त्याच्या देहातील काटा निघाला नाही. त्रफिमाला त्याने मिलेत येथे आजारी ठेवले आणि तिमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले. या तिघांना अल्पविश्वासी कोण म्हणेल? आपल्या बायबलमधील बेनसिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय तर वैद्य व औषध ही देवाचीच देणगी मानतो. हा ग्रंथ प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

म्हणून कॅथॉलिक ख्रिस्तसभा आरोग्यदान नाकारत नाही. त्याचे प्रदर्शन नाकारते. श्रद्धासिद्धांत मंडळाने सप्टेंबर २००० मध्ये काढलेल्या सूचनापत्रात आरोग्यप्रार्थनांना मोकळीक दिली. त्याचबरोबर उन्माद, नाटकीपणा व सनसनाटी टाळण्याचे बंधनही घातले. लूर्द येथे हजारो रुग्णांनी बरे झाल्याचे सांगितले असले, तरी वैद्यकीय छाननीनंतर चमत्कार म्हणून मान्यता मिळालेल्या घटना सत्तरहून थोड्याच अधिक आहेत. बरे न होता परतणारे असंख्य यात्रेकरूही तेथून शांती घेऊन जातात.

प्रश्न आपल्यासाठी आहे. आपल्या धर्मग्रामात किती आजारी माणसे घरात एकटी पडून आहेत? रुग्णाभ्यंगाचा साक्रामेंत आपण अखेरच्या घटकेसाठी राखून ठेवतो. वास्तविक, गंभीर आजाराच्या प्रारंभीच तो मागावा, अशी ख्रिस्तसभेची इच्छा आहे. कोणी शेजारच्या प्रार्थनासभेला जाऊ लागला, तर त्याला दोष देण्याआधी त्याच्या आजारपणात आपण त्याच्या दारी गेलो होतो का, हे स्वतःला विचारू या. वादविवादाने माणसे परत येत नाहीत. दवाखान्यात सोबत जाणारा, औषधाची वेळ सांभाळणारा आणि उशाशी बसून जपमाळ म्हणणारा शेजारी, हेच आपले खरे उत्तर ठरेल.