मांडणी करणाऱ्यांची बाजू

कार्तिक पौर्णिमेला बीड जिल्ह्यातील कपिलधार येथे मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी दिंड्या येतात. सोळाव्या शतकातील या वीरशैव संतकवीचा 'परमरहस्य' हा ओवीबद्ध ग्रंथ मराठी लिंगायत घरांतून आजही पारायणात वाचला जातो. आपल्या वर्गात मात्र त्याची बोळवण बहुधा 'सांप्रदायिक तत्त्वग्रंथ' या दोन शब्दांत होते. बसवण्णांच्या वचनांतील बंडखोरीवर आपण तासन्‌तास बोलतो. त्या परंपरेचा विचार मराठीत बांधून देणारा ग्रंथ आपल्याला रुक्ष वाटतो. बंडात साहित्य असते आणि मांडणीत केवळ शास्त्र, असे आपण गृहीत धरलेले असते.

हे गृहीतक तपासण्यासाठी त्याच शतकातील जर्मनीकडे पाहावे. मार्टिन ल्यूथरने 1517 मध्ये चर्चला आव्हान दिले. तो प्रवचने, पत्रे, वादपत्रे लिहीत राहिला. प्रसंग येईल तसे लेखन झाले. या विचाराला पहिली सुसूत्र मांडणी दिली ती फिलिप मेलँक्थॉनने, 1521 मध्ये, 'लोकी कम्युनेस' या लॅटिन ग्रंथात. तेव्हा तो अवघा चोवीस वर्षांचा होता आणि विटेनबर्गच्या विद्यापीठात ग्रीक भाषा शिकवीत होता. ग्रंथाच्या नावातील 'लोकी' ही संज्ञाही वक्तृत्वशास्त्रातली: विषयाची मुख्य स्थळे. पाप, नियमशास्त्र, कृपा अशा स्थळांभोवती त्याने विवेचन रचले. ल्यूथरपंथाच्या पद्धतशीर ईश्वरशास्त्राचा पाया असा एका भाषाशिक्षकाने, साहित्यशास्त्राच्या साधनांनी घातला.

'स्थळ' हा शब्द वीरशैव परंपरेतही आहे, हा योगायोग मोठा बोलका आहे. भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण आणि ऐक्य ही षट्स्थळे. दोन्हींचा अर्थ एक नव्हे. मेलँक्थॉनची स्थळे विवेचनाची, षट्स्थळे साधकाच्या वाटचालीची. पण विखुरलेला अनुभव पुढच्या पिढीच्या हाती द्यायचा तर त्याला क्रम लागतो, ही जाण दोन्हीकडे आहे. मेलँक्थॉनने पंडितांच्या लॅटिनचा आश्रय घेतला. मन्मथस्वामींनी ऐकणाऱ्यांची ओवी निवडली. ही निवड वाङ्मयीन नाही, असे कोण म्हणेल?

मांडणीची किंमतही असते, हे नाकारण्याचे कारण नाही. 1577 च्या 'फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड'मध्ये कोणते मत स्वीकार्य, कोणते त्याज्य, हे कलमवार ठरले. त्याआधीच्या वादांत खुद्द मेलँक्थॉनवर ल्यूथरशी प्रतारणा केल्याचा आरोप कडव्या अनुयायांनी केला होता. ज्याने चौकट उभारली, तोच चौकटीबाहेरचा ठरू लागला. पण ही शोकांतिका कळायलाही चौकट कशी उभी राहिली, ते वाचावे लागते. मेलँक्थॉन आपला ग्रंथ आयुष्यभर नव्याने लिहीत राहिला. पहिल्या आवृत्तीत त्रैक्याची चर्चा त्याने टाळली होती. पुढे तिला स्थान दिले. मांडणी म्हणजे विचाराचे थिजणे, हे समीकरण येथेच मोडते.

म्हणून 'परमरहस्य' केवळ पारायणावर सोडून आपण मोकळे होऊ नये. श्रद्धावंतांनी तो जपला, वाचता ठेवला. त्याची भाषा, क्रम, ओवीतून सिद्धान्त सांगण्याची रीत यांची चिकित्सा करणे हे आपले काम. ते आपण केलेले नाही, आणि त्याचा दोष ग्रंथाच्या रुक्षतेवर टाकता येणार नाही.